अपघाताच्या केसपेपरवरची पहिली ओळ

१८ जुलै २०२३ ची सकाळ खडवली परिसर विसरलेला नाही. पडघ्याहून खडवली स्टेशनकडे निघालेल्या प्रवासी जीपला मुंबई-नाशिक महामार्गावर खडवली फाट्याजवळ कंटेनरने धडक दिली. सहा जणांचा जीव गेला. त्यात शिकणारी मुले होती. त्यानंतर दोन वर्षांनी, ९ जून २०२५ च्या सकाळी, मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि दारात लटकून उभे असलेले प्रवासी खाली पडले. त्यातली एक गाडी आपल्या कसारा मार्गावरची होती. चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला.

अशा वेळी गेलेल्यांची नावे छापून येतात. पुढारी येतात, सानुग्रह रक्कम जाहीर होते. जखमींचा मात्र फक्त आकडा छापला जातो. ज्याचा पाय मोडला, जिचा हात गेला, ज्याच्या डोक्याला मार लागला, त्यांचे पुढे काय झाले हे सहसा कोणी विचारत नाही. या लेखात आपण त्या जखमी माणसाचाच विचार करणार आहोत.

आरोग्याच्या पानावर नुकसानभरपाईचा विषय कशाला, असे कोणी विचारेल. तर आपल्या वस्तीतली गोष्ट पाहा. मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडले तर ते जुळायला काही महिने लागतात. तेवढे दिवस नाक्यावरचा रोज बुडतो, घरकामाची घरे दुसऱ्या बाईकडे जातात, कंत्राटी कामावर बदली माणूस येतो. प्लास्टर निघते, पण खरे काम तिथून पुढे सुरू होते. गुडघा वाकता यावा म्हणून फिजिओथेरपीला आठवड्यातून दोन-तीनदा जायला हवे. खडवलीहून कल्याणला जायचे, रिक्षाचे भाडे द्यायचे, सोबत एक माणूस न्यायचा, म्हणजे दोघांचा दिवस गेला. चार वेळा जाणे होते, पाचव्या वेळी होत नाही. गुडघा आखडतो तो कायमचा. मग लोक म्हणतात, डॉक्टरने नीट केले नाही. डॉक्टरने केले होते. पुढचे उपचार पैशाअभावी थांबले.

कृत्रिम पायाचेही तसेच. पाय कापल्यावर उरलेला भाग पहिल्या वर्षभरात बारीक होत जातो. पहिली खोबण सैल होते, ती बदलून घ्यावी लागते, नाहीतर जखमा होतात. मुलांचा तर वाढत्या वयाबरोबर पाय पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. हा खर्च एकदाचा नाही, जन्माचा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की अपघातग्रस्त प्रवाशाची भरपाई हा त्याच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे. आणि ही भरपाई मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा कोर्टात उभे राहण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही तासांत, दवाखान्यातल्या केसपेपरवर ठरून जाते.

काय झाले, असे डॉक्टर विचारतात तेव्हा

जखमीला कोणी आणून टाकले की डॉक्टर किंवा सिस्टर विचारतात, काय झाले? उत्तर एका ओळीत लिहिले जाते. अपघाताची केस असल्याने कागदावर ‘एमएलसी’ असा शिक्का बसतो आणि पोलिसांना कळवले जाते. पोलीस येतात, तेही बरेचदा हाच कागद पाहून नोंद करतात. जखमी बेशुद्ध असतो, घरचे पोचलेले नसतात. आणणारा हमाल, रिक्षावाला किंवा अनोळखी प्रवासी असतो. त्याने प्रत्यक्ष काही पाहिलेले नसते. रुळाशेजारी माणूस पडलेला दिसला, एवढेच त्याला माहीत असते. मग कागदावर उतरते, ‘रूळ ओलांडताना गाडीची धडक.’

या चार-पाच शब्दांनी दावा बुडू शकतो. कारण रेल्वे कायदा, १९८९ मध्ये १९९४ साली जोडलेले कलम १२४ ‘अ’ असे सांगते की प्रवासी गाडीतून प्रवासी अपघाताने खाली पडला, तर चूक कोणाची हे न पाहता रेल्वेने भरपाई द्यायची. रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. मुंब्र्याच्या घटनेत दोष कोणाचा यावर वाद झाला, पुढे लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हाही नोंदवला. तो खटला त्याच्या गतीने चालेल. या कलमाखालच्या भरपाईला त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाच्या भरातले कृत्य आणि नैसर्गिक आजार, एवढेच अपवाद कायद्याने ठेवले आहेत. पण हे सगळे प्रवाशासाठी आहे. रूळ ओलांडणारा त्या कलमात प्रवासी ठरत नाही. म्हणजे ‘लोकलमधून पडून’ आणि ‘रूळ ओलांडताना’ या दोन नोंदींत एका घराच्या पुढच्या दहा वर्षांचा फरक आहे.

घरचे माणूस दवाखान्यात पोचले की आधी जखमीकडे पाहावे, हे सांगायला नको. रक्त थांबणे, श्वास नीट चालणे, शस्त्रक्रियेला संमती देणे ही कामे पहिली. डोक्याला मार असेल आणि माणूस बोलत-चालत असला तरी उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी याकडे लक्ष हवे. बोट किंवा हात तुटून वेगळा झाला असेल तर तो स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फात घालू नये.

हे मार्गी लागले की मग केसपेपर वाचावा. स्वतःला वाचता येत नसेल तर शिकलेल्या पोराला वाचायला लावावा. कोणत्या स्टेशनांच्या दरम्यान, किती वाजता, चढताना, उतरताना की दारातून पडून, हे जसे घडले तसे लिहिले आहे का? नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे सांगून दुरुस्ती लिहून घ्यावी. जखमी शुद्धीवर आल्यावर त्याचा जबाब पोलिसांनी घ्यावा असा आग्रह धरावा. खडवलीच्या बाजूला घडलेल्या घटनेसाठी कल्याण लोहमार्ग पोलीस ठाणे आहे. जबाब वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही किंवा अंगठा देऊ नये. सोबतच्या प्रवाशांचे फोन नंबर त्याच दिवशी घ्यावेत. दुसऱ्या दिवशी ते गर्दीत हरवतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जो खरोखर रूळ ओलांडत होता, त्याचे ‘गाडीतून पडला’ असे लिहून घेऊ नये. खोटा दावा टिकत नाही. आणि एक खोटा दावा पकडला गेला की त्याच वस्तीतल्या दहा खऱ्या दाव्यांकडे संशयाने पाहिले जाते. आपला आग्रह खरे लिहिले जावे एवढाच असावा.

तिकीट सापडले नाही तर

रेल्वेची बाजू मांडताना नेहमीचा मुद्दा असतो की तिकीट सापडले नाही, म्हणजे हा प्रवासीच नव्हता. आपल्या घरांतले अनेक दावे इथेच गळतात. लोक स्वतःच म्हणतात, तिकीटच हरवले, आता काय मिळणार? पडताना खिसा फाटतो, पर्स रुळावर राहते, मोबाईल फुटतो आणि त्यातला पास जातो. हे न्यायालयाला कळत नाही असे समजू नका.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१८ रोजी रीना देवी प्रकरणात सांगितले की जखमीजवळ किंवा मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्रावर वस्तुस्थिती मांडायची आणि मग ती खोटी आहे हे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. चढताना किंवा उतरताना पडणे हाही या कायद्याखालचा अपघातच आहे आणि प्रवाशाचाही निष्काळजीपणा होता असे म्हणून रेल्वेला हात झटकता येत नाहीत, हेही त्याच निकालात आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गर्दीच्या लोकलमधून पडून जखमी झालेल्या एका ज्येष्ठ नागरिकाला तीन लाखांहून अधिक भरपाई द्यायला सांगितले. चालत्या गाडीत चढण्याचा प्रयत्न केला, हा रेल्वेचा मुद्दा न्यायालयाने मानला नाही.

तरीही पुरावा हाताशी असला तर काम सोपे होते. महिन्याचा पास काढला की त्याचा आणि ओळखपत्राचा फोटो घरच्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवावा. मोबाईलवर तिकीट काढणाऱ्यांची नोंद त्यांच्या नावावर राहते. रोजचे तिकीट काढणाऱ्यांसाठी, कामाच्या ठिकाणी रोज किती वाजता पोचतो हे सांगणारा मुकादम किंवा घरमालकीणही साक्षीदार असते. आणि जो तिकीट न काढता प्रवास करतो, त्याने एवढे ध्यानात घ्यावे की चार पैसे वाचवताना तो आपला हा हक्क गमावत असतो.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या खंडपीठाकडे करायचा. अपघात झाला तिथल्या, तिकीट काढले तिथल्या, उतरायचे स्टेशन होते तिथल्या किंवा दावेदार राहतो तिथल्या खंडपीठाकडे तो करता येतो. आपल्याला मुंबई खंडपीठ जवळचे. मुदत अपघातापासून एक वर्ष. उशिराचे सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकते, पण त्या भरवशावर बसू नये. जखमी लहान मूल असेल तर पालकाने अर्ज करायचा.

जीप, रिक्षा, एसटी आणि बस

खडवली फाट्यावर जे घडले त्याला दुसरा कायदा लागतो, मोटार वाहन कायदा, १९८८. काळी-पिवळी जीप, रिक्षा, टमटम, एसटी, केडीएमटीची बस, सगळे यात येतात. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. जखमी राहतो त्या भागातही तो करता येतो. म्हणजे आपल्याकडच्या माणसाला कल्याण किंवा ठाण्याचे न्यायालय आहे, अपघात नाशिककडे झाला असला तरी.

जीपमध्ये बसलेल्या प्रवाशाची चूक ती काय? चूक जीपवाल्याची की कंटेनरवाल्याची, यावर दोन्ही विमा कंपन्या वर्षानुवर्षे भांडतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात सांगितले आहे की दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्या निर्दोष माणसाला इजा झाली, तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. त्यांचा आपसातला हिशेब त्यांनी नंतर करावा. त्यामुळे ‘जीप आपल्याच गावातल्या माणसाची आहे, त्याच्यावर केस कशी करायची’ या संकोचालाही फारसे कारण उरत नाही. विमा असेल तर पैसे विमा कंपनी देते आणि दुसऱ्या वाहनाचा विमाही असू शकतो.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर या कायद्यात दोन वाटा आहेत. पहिली वाट कलम १६४ ची. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. गंभीर दुखापत म्हणजे मरणाच्या दारातला माणूसच असे नाही. हाड मोडणे, सांधा निखळणे, दात तुटणे हेसुद्धा फौजदारी कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापत आहे. दुसरी वाट कलम १६६ ची. त्यात वाहनचालकाची चूक दाखवावी लागते, पण रकमेला अशी मर्यादा नाही. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढे कमी होणारी कमाई, पुढचे उपचार, सोबतच्या माणसाचा खर्च, वेदना, हे सगळे मागता येते.

इथे फसगत होते ती अशी. विमा कंपनीचा माणूस लवकर येतो, अडीच लाखांची तडजोड पुढे करतो. घरात पैशाची चणचण असते. सही होते. कलम १६४ खालची रक्कम अशा तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो, असे कायद्यातच लिहिले आहे. साध्या फ्रॅक्चरला अडीच लाख ठीक असतील. पण ज्याचा हात कायमचा निकामी झाला, त्याने ही सही वकिलाला विचारल्याशिवाय करू नये.

मुदतीचेही लक्षात ठेवा. त्याच दुरुस्तीने कलम १६६ च्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण आपल्या माणसाने सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकावा आणि वाद इतरांना घालू द्यावा. अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत पोलिसांनी न्यायाधिकरणाला पहिला अहवाल पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारावे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात.

उपचारासाठी आणखी एक सोय आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळायला हवेत. दाखल करताना हे विचारून घ्यावे. आणि एसटीने गेलात तर तिकीट फेकू नका. एसटी २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया अपघात साहाय्यता निधीसाठी घेते. अपघात झाला तर त्या रुपयाचा हिशेब मागता आला पाहिजे.

हाताची किंमत कशी ठरते

रेल्वेच्या भरपाईचे कोष्टक ठरलेले आहे. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी आणि दोन्ही हात किंवा दोन्ही पाय जाण्यासारख्या सर्वांत मोठ्या इजांसाठी ८ लाख, आणि बाकीच्या इजांसाठी प्रत्येकी त्याहून कमी ठरावीक रक्कम. त्याआधी ४ लाखांचा आकडा १९९७ पासून जवळपास वीस वर्षे तसाच होता. महागाई थांबली नाही, आकडा मात्र थांबला. ही रक्कम दर दोन-तीन वर्षांनी वाढली पाहिजे, ही मागणी प्रवासी संघटनांबरोबर आपणही केली पाहिजे.

रस्त्याच्या अपघातात हिशेब वेगळा आहे, आणि तो कष्टकऱ्याला समजून घेण्यासारखा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज कुमार प्रकरणात सांगितले की शरीराचे अपंगत्व किती टक्के आणि कमाईची ताकद किती टक्के गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेला तर बसून काम करणारा कारकून काही प्रमाणात काम चालवू शकतो. गाडी चालवणाऱ्याची किंवा सुताराची मात्र रोजीरोटीच जाते. आपल्या वस्तीतले बहुतेक लोक हातापायाच्या जोरावर जगतात. म्हणून दाव्यात अपंगत्वाच्या टक्केवारीबरोबर काम काय होते, त्यात वजन उचलणे, उकिडवे बसणे, शिडी चढणे किती होते, हे तपशिलाने लिहून घ्यावे. घर सांभाळणाऱ्या बाईची ‘कमाई नाही’ असे कोणी लिहू लागले तर थांबवावे. तिच्या घरकामालाही पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणात मान्य केले आहे.

यासाठी दवाखान्याचे कागद लागतात. केसपेपर, एक्स-रे, सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, फिजिओथेरपीच्या तारखा, कल्याणला गेल्याच्या रिक्षाच्या भाड्याची नोंदसुद्धा. सगळे एका पिशवीत, पावसाच्या पाण्यापासून दूर. कागद हरवले तर रुग्णालयाकडे लेखी मागावेत. डॉक्टरांसाठीच्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यायचे असतात. हाड जुळल्यावर, जखम भरल्यावर जे व्यंग उरेल त्याचे प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून घ्यावे. गाडीत चढायची भीती बसली, झोप लागत नाही, गाडीचा भोंगा ऐकला की घाम फुटतो, हेही आजारपण आहे. डॉक्टरांना सांगितले नाही तर ते कागदावर येत नाही, आणि त्यावर उपचारही होत नाही.

वकील कुठून आणायचा

दवाखान्याच्या दारातच काही माणसे भेटतात. ‘केस आमच्यावर सोडा, मिळेल त्यातले तीस टक्के आमचे, आधी एक पैसा नको,’ असे म्हणतात. कोऱ्या कागदावर, वकालतनाम्यावर, कधी बँकेच्या फॉर्मवरही सह्या घेतात. बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिलाला भरपाईतला वाटा ठरवून घेता येत नाही, हे ध्यानात ठेवा. पाटण्यात रेल्वे दाव्यांच्या पैशांत मोठा अपहार झाल्याच्या आरोपावरून ईडीने २०२५ मध्ये वकिलांना अटक केली. अपघातग्रस्तांच्या पैशावर डोळा ठेवणारे कसे असतात, हे त्यावरून कळावे. भरपाई दावेदाराच्या स्वतःच्या खात्यात आली पाहिजे, आणि त्या खात्याचे पासबुक व एटीएम कार्ड घरातच राहिले पाहिजे.

याला पर्याय कायद्यानेच दिला आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, महिला, मूल आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. या कायद्यात न्यायाधिकरणाचाही समावेश आहे, त्यामुळे रेल्वेचा दावा असो की मोटारीचा, दोन्हींना वकील मागता येतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तो फक्त नोकरी आणि शिष्यवृत्तीपुरता आहे असा समज आपल्यात आहे. अपघातानंतरचा मोफत वकील हाही त्याच दर्जाचा लाभ आहे. कल्याण न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

मोफत वकील नीट काम करत नाही, अशी तक्रार ऐकू येते. काही ठिकाणी ती खरीही असेल. पण वकील बदलून मागता येतो, आणि प्रत्येक तारखेला आपले माणूस हजर राहिले की त्यालाही काम करावे लागते. तारखेला जायचे नाही आणि वकिलाला नावे ठेवायची, हे बरोबर नाही.

‘दारात लटकायला कोणी सांगितले?’

हा प्रश्न बाहेरचेच विचारतात असे नाही, आपल्या घरातही विचारला जातो. मोडलेल्या पायाच्या माणसाला सासू, मेहुणा, शेजारी सगळे ऐकवतात. त्यात भर म्हणून, नशिबात होते, पूर्वजन्मीचे भोग, असेही कोणी बोलून जातो. ही भाषा आपण कधीच मागे टाकली आहे. ती अपघाताच्या दिवशी परत घरात येऊ देऊ नये.

लटकणे चांगले, असे मी म्हणत नाही. तरुण पोरे हौसेने दारात उभी राहतात, रुळाशेजारच्या खांबाला हात लावायची शर्यत करतात, त्यांना घरातूनच दम दिला पाहिजे. पण सकाळच्या कसारा लोकलमध्ये टिटवाळ्यालाच आत शिरायला जागा उरत नाही, हे रोज जाणाऱ्याला ठाऊक आहे. ही गाडी चुकली तर पुढची लगेच नसते. उशीर झाला की हजेरी जाते, नाक्यावरचे काम दुसऱ्याला मिळते. दारात उभे राहणे ही त्या माणसाची आवड नसते. म्हणून तर कायद्याने चुकीचा हिशेब बाजूला ठेवून भरपाई ठरवली. न्यायालये ज्याला क्षमा करतात, त्याला घरच्यांनी दोष देत बसू नये. दोष अंगाला चिकटला की माणूस दावा करायलाच कचरतो, आणि मुदत निघून जाते.

आता करायचे काय

समीर झवेरी यांनी लोकलच्या अपघातात दोन्ही पाय गमावले. त्यानंतर त्यांनी माहिती अधिकार वापरून आणि उच्च न्यायालयात जाऊन रेल्वेला अपघातग्रस्तांच्या तातडीच्या उपचारांकडे लक्ष द्यायला भाग पाडले. एकट्या माणसाने हे केले. आपण तर वस्ती आहोत, आपले महिला मंडळ आहे, तरुणांचा गट आहे.

माझ्या मते दोन कामे आपल्या हातातली आहेत. पहिले, प्रत्येक वस्तीत दोन माणसे, त्यातली एक बाई, अशी नेमावीत की कोणाचाही अपघात झाला तर ती घरच्यांबरोबर दवाखान्यात जातील, केसपेपर वाचतील, साक्षीदारांचे नंबर घेतील आणि मुदतीची तारीख वहीत लिहितील. रेल्वेसाठी एक वर्ष, रस्त्यासाठी सहा महिने. दुसरे, रविवारच्या सभेत एकदा हे सगळे समजावून सांगावे. तालुका विधी सेवा समितीला पत्र दिले तर तिचे वकील वस्तीत येऊन कायदेविषयक शिबिर घेतात.

आणि एक मागणी सरकारकडे. आपल्या भागातले अपघातग्रस्त कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेले जातात. मुंब्र्याचे काही जखमीही कळव्याला नेले होते. या रुग्णालयांच्या अपघात विभागात विधी सेवा प्राधिकरणाचा एक स्वयंसेवक रोज बसला पाहिजे आणि दावा कुठे, किती दिवसांत, कोणत्या कागदांसह करायचा याची मराठी चिठ्ठी डिस्चार्ज कार्डासोबत मिळाली पाहिजे. कोणती गोळी किती वेळा घ्यायची हे जसे लिहून देतात, तसेच हे लिहून द्यावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक टेबल, एक खुर्ची आणि एक छापील कागद पुरे आहे.

या मागणीचे निवेदन ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि तिन्ही रुग्णालयांच्या अधीक्षकांना खडवली, टिटवाळा, वासिंदच्या वस्त्यांनी एकत्र सह्या करून द्यावे. पोच घ्यायला विसरू नये.